बटण नंतर, आधी झीरो

गेल्या रविवारी नातीने घरच्या सीएनसी मशीनवर दाराची पाटी कोरायला घेतली. सागाची फळी बेडवर क्लॅम्प केली, लॅपटॉपवर फाइल उघडली आणि हाक मारली, "आजोबा, सगळं तयार आहे. स्टार्ट करू?"

मी विचारलं, "झीरो कुठे घेतलास?"

"तो मशीनच घेतं ना?"

तिथेच थांबलो. पाटी सुरू व्हायला आणखी पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात ती जे शिकली, ते शिकायला आज आपल्या मुलांना वेळच मिळत नाही. म्हणून हा लेख.

भोसरीत टूलरूममध्ये माझी ३१ वर्षं गेली. आमच्याकडे मिलिंगवर दोन प्रकारची माणसं असायची, सेटर आणि ऑपरेटर. सेटर डायल लावून वाइस सरळ करायचा, जॉब बांधायचा, झीरो घ्यायचा, पहिला पीस काढून मोजायचा. मग ऑपरेटर दिवसभर जॉब बदलून सायकल स्टार्ट दाबायचा. कष्ट दोघांनाही होते, पण काम अडलं की हाक सेटरलाच जायची आणि पगारही त्याचाच जास्त असायचा. घरच्या मशीनला मात्र वेगळा सेटर नसतो. ज्याला काम करायचं, त्यानेच झीरो घ्यायचा. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय मला दुसरी दिसत नाही.

मशीनला फळी दिसत नाही. प्रोग्रॅम एवढंच सांगतो की शून्यापासून उजवीकडे ४० मिलिमीटर जा, आत २५, खाली अर्धा. ते शून्य फळीवर नेमकं कुठे, हे माणसानेच दाखवायचं. होमिंग केलं की मशीन लिमिट स्विचला टेकतं आणि त्याला स्वतःचा झीरो सापडतो. जॉबचा झीरो वेगळा. तो आपण घेऊन जी ५४ ऑफसेटमध्ये साठवायचा असतो. आणि आमच्या मशीनसारख्या साध्या मशीनमध्ये स्टेपर मोटरकडून उलट खबर येत नाही. कटर क्लॅम्पला धडकला, मोटरच्या काही स्टेप हुकल्या, तरी स्क्रीनवरचे आकडे काही झालंच नाही असे पुढे सरकत राहतात. तेव्हा आकड्यावर नव्हे, टूलच्या टोकावर नजर हवी.

नातीच्या हातात मी प्रिंटरच्या कागदाचा तुकडा दिला. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. स्पिंडल बंद ठेवायचा, कागद फळीवर ठेवून बोटांनी मागेपुढे हलवत राहायचा आणि टूल खाली आणायचं. आधी १ मिलिमीटरच्या टप्प्याने, मग ०.१ च्या, शेवटी ०.०१ च्या. एका टप्प्याला कागद हलतो, पण ओढ लागते. तिथे थांबून झेडमध्ये ०.१ भरायचं, कारण कागदाची जाडी अजून मध्ये आहे. पहिल्या खेपेला तिने कागद पार दाबून टाकला, दुसऱ्यांदा टूल वरच राहिलं. तिसऱ्यांदा तिचं तिलाच कळलं, "आता धरला!" एक्स आणि वायसाठी टूलचं टोक पेन्सिलच्या फुलीवर आणलं. सरळ कटर कडेला टेकवला असता, तर त्याची त्रिज्याही धरावी लागली असती. ३ मिलिमीटरच्या कटरला दीड.

मग मी म्हटलं, "आता हाच कागद फळीच्या दुसऱ्या टोकाला लावून बघ." उजवीकडे फळी ०.२ मिलिमीटर खाली निघाली. एवढ्याने काय होतं? आमचं टूल ६० अंशांचं, व्ही आकाराचं. ते अर्धा मिलिमीटर खोल गेलं की रेघ साधारण ०.५८ मिलिमीटर रुंद येते, ०.३ खोल गेलं तर ०.३५. देवनागरीत हे लपत नाही. शिरोरेषा डावीकडे ठसठशीत आणि उजवीकडे बारीक होत गेलेली लांबूनही दिसते. नातीने उजव्या कडेखाली त्याच कागदाचे दोन थर सरकवले, पुन्हा झीरो घेतला, टूल १० मिलिमीटर वर ठेवून सगळा प्रोग्रॅम एकदा हवेत चालवून पाहिला आणि मगच स्टार्ट दाबलं.

कोणी म्हणेल, आता प्रोब मिळतो, टूल प्लेटला टेकलं की मशीन आपोआप झीरो घेतं. खरं आहे, मीही वापरतो. पण त्याची क्लिप निसटली असेल तर मशीनला टेकल्याचं कळत नाही आणि टूल प्लेटमध्ये घुसतं. म्हणून आधी प्लेट हाताने टूलला लावून सिग्नल येतो का ते पाहायचं. हे ज्याने कागदाने झीरो घेतलाय त्याच्या लगेच ध्यानात येतं. सुतार एक कड रंधून गुण्यात आणतो आणि पुढची सगळी मापं तिथूनच धरतो. गवंडी नळीतल्या पाण्याने लेव्हल काढल्याशिवाय वीट ठेवत नाही. आपल्याकडे ही शिस्त जुनी आहे.

अलीकडे एका शाळेत थ्रीडी प्रिंटर पाहायला गेलो होतो. त्याच्याही नोझलची उंची अशीच कागदाने लावता येते. सरांनी ती आधीच लावून ठेवली होती, मुलांनी बटण दाबलं, टाळ्या वाजवल्या. सरांना मी दोष देत नाही, तास संपायच्या आत काहीतरी तयार होऊन दिसायला हवं असतं. पण अशाने मुलं ऑपरेटर होतील, सेटर होणार नाहीत.

माझी मागणी साधी आहे. शाळेत आणि आयटीआयत एक अख्खं प्रात्यक्षिक फक्त झीरो घेण्याचं ठेवा. जॉब मुद्दाम तिरका बांधून द्या, कागद हातात द्या, आणि जॉब कापायच्या आधीच गुण द्या. साहित्य वाया जात नाही, खर्च एका कागदाचा.

पाटी आता दारावर लागली आहे. मशीनशेजारी नातीने स्वतःहून एक चिठ्ठी चिकटवली आहे: "झीरो डावीकडे खाली, फुलीवर. झेड वरच्या पृष्ठभागावर. उजवीकडे दोन कागद." कारखान्यात सेटर अशीच चिठ्ठी पुढच्या पाळीसाठी ठेवून जायचा.