अंगणातील औषधी आणि पाखरे

वसई-विरार परिसरातील वाड्या घटत असून नव्या संकुलांच्या आवारांत केवळ शोभा पाहून झाडे निवडली जातात. वैद्यबंधू-भगिनींनी तरी घराची बाग लावताना निघंटूकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. अडुळसा व धायटी यांच्या फुलांतील मकरंदासाठी शिंजीर येतात. धायटीची हीच फुले आपण आसवारिष्टांत संधानासाठी घालतो. पंचवल्कलांपैकी वड, उंबर, पिंपळ व पायर यांची फळे तांबट, कोकीळ, बुलबुल खातात आणि विष्ठेवाटे त्यांचे बी दूरवर पेरतात. मात्र हे वृक्ष भिंतीलगत न लावता संकुलाच्या मोकळ्या जागेत लावावेत. साली आपण घेतो. तेव्हा त्या वृक्षांची पेरणी करणारी पाखरे राखणे हेही आपलेच कर्तव्य होय.