तिखट गाडी

गेले तीन महिने आमच्या घरात एका लाल मोटारीवरून दोन तट पडले होते. एका तटात मी एकटी. दुसऱ्यात आमचे 'हे', लातूरला राहणारी माझी आई, आणि नांदेडचे उस्ताद, म्हणजे ज्यांच्या गॅरेजात आमची स्कूटर गेली बारा वर्षे बरी होऊन येते ते. चिरंजीव माझ्या बाजूचे होते. पण ते सोळा वर्षांचे असल्यामुळे त्यांचे मत मोजायचे नाही, असे पहिल्याच दिवशी ठरले.

गरज कशी पडली ते आधी सांगते. अण्णा गेल्यापासून आई लातूरला एकटी असते. नांदेडला चल म्हटले, की तिला तुळशीला पाणी कोण घालणार याची आठवण होते. म्हणून दर शनिवारी शेवटचा तास आटोपून मी एस.टी. गाठते आणि रविवारी रात्री परतते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून तर या प्रवासाविषयी कुरकूर करायला तोंडच उरले नाही. पण गेल्या आषाढात आई पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडली. शेजारच्या काकूंचा फोन आला साडेचारला, आणि मी पोचले साडेदहाला. हाड मोडले नव्हते, एवढे देवाचे उपकार. पण ते सहा तास मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. त्याच रात्री 'हे' आपण होऊन म्हणाले, "आता गाडी घ्यायचीच." चिरंजीवांच्या शिकवणीचे पैसे बाजूला काढल्यावर साडेपाच लाख उरत होते. नवी नको, जुनी चालेल, कर्ज मात्र नको. इथवर सगळ्यांचे एकमत.

मग गणपतीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला आपल्या गाडीतून लातूरला सोडले. पोरगा पुण्याला नोकरीत आहे. गाडी दिसायला इवलीशी. अहमदपूर सुटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही चालवा की जरा." पुढे सिमेंटचा एक लांबलचक ट्रेलर चालला होता. माझ्या भावाच्या गाडीत अशा वेळी मी गिअर बदलून, देवाचे नाव घेऊन, अर्धा किलोमीटर धडधडत त्याच्या बाजूने जात असे. इथे पाय नुसता टेकवला आणि ट्रेलर आरशात दिसू लागला. त्या क्षणापासून मी बिघडले.

अशा गाडीला 'हॉट हॅचबॅक' म्हणतात, ही माहिती मला चिरंजीवांनी पुरवली. हॅचबॅक म्हणजे मागचे दार काचेसकट वर उघडणारी आखूड गाडी. तिच्यात अंगापेक्षा मोठे इंजिन बसवले, की ती हॉट. मराठीच्या प्राध्यापिकेला हा शब्द तसाच गिळणे जड गेले. 'तप्त' म्हणावे तर इंजिन तापल्यासारखे वाटते. शेवटी मी 'तिखट गाडी' हा शब्द पक्का केला. पातेले तेवढेच, मिरची चौपट. या जातीला नाव मिळवून दिले ते जर्मनीच्या फोक्सवॅगन गोल्फ जी.टी.आय.ने, १९७६ साली. ११० अश्वशक्ती, मागे मुले, डिकीत भाजी, आणि मोठ्या गाड्यांना मागे टाकण्याची ऐट.

आपल्याकडे ही जात थोडी. पण बरीचशी आपल्याच मातीतली. २००१ साली फियाटची पालिओ आली ती मुंबईच्या कुर्ल्यात बनत असे, तिचे १.६ लिटरचे इंजिन म्हणजे अस्सल ठेचा. २०१३ ची पोलो जी.टी. टी.एस.आय. चाकणची. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेली, विंचवाचे चिन्ह मिरवणारी १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो रांजणगावची. मग २०१७ ची बलेनो आर.एस., २०१८ ची टियागो जे.टी.पी., २०२१ ची आय-ट्वेंटी एन लाइन, २०२४ ची अल्ट्रोज रेसर. यांतल्या कितीतरी आता बनतच नाहीत. फियाटने आपले दुकान १ एप्रिल २०२० च्या बी.एस. सहा नियमाआधीच आवरले, बलेनो आर.एस. त्याच सुमारास गेली, पोलो २०२२ साली थांबली. म्हणजे तिखट गाडी हवी तर बहुधा जुनीच घ्यावी लागते. आमच्यासारख्यांना ती परवडण्याजोगी होते तीही त्यामुळेच.

जुन्या गाडीची किंमत ही चीज मोठी चमत्कारिक आहे. लायसन्स राज्यात फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत आणि हातात आलेली गाडी विकली, तर नव्यापेक्षा जास्त पैसे मिळत. आता उलटे. विमा कंपनीच्या कोष्टकात सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षात १५, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, चार वर्षांत ४०, आणि पाच वर्षे भरेपर्यंत निम्मी किंमत गळून पडते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली, की जुनीने खाली वाकायचे. घेणाऱ्याला बरेच, पण आज घेणारा उद्या विकणाराही असतो, हे 'ह्यां'नी मला चारदा बजावले.

पुण्याच्या एका बाजारात ती लाल गाडी पाहिली. २०१८ सालची, किंमत साडेपाच लाख, मीटरवर ३८ हजार किलोमीटर. कंपनीचे नाव सांगत नाही. दोष गाडीचा नव्हता, माणसाचा होता. दुकानदार सगळी उत्तरे 'ह्यां'च्याकडे पाहून देत होता. गाडी मी चालवणार, हे त्याला तीनदा सांगावे लागले.

मला त्या वेळी माळेगाव आठवले. आमच्या नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा मोठा बाजार असतो. अण्णा मला लहानपणी तिथे नेत. ते म्हणत, "घोड्याची शेपटी बघणारा फसतो, तोंड उघडून बघणारा वाचतो." वय दातांवरून कळते, आणि लबाड व्यापारी दात कानशीने घासतो, हेही त्यांनीच सांगितले होते. लाल कंधारी गोऱ्हा असो की देवणी, दोन दात, चार दात, सहा दात, मग जुळला, असा हिशेब करूनच आमच्याकडे पैसे मोजतात. मी त्या गाडीचे तोंड उघडले, म्हणजे ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पाहिले. ते गुळगुळीत झाले होते. स्टिअरिंगचे कातडे चकाकत होते. ३८ हजारांत एवढे झिजत नाही. विद्यार्थ्याने गाडीचा सर्व्हिसचा इतिहास काढवला, तर दोन वर्षांपूर्वीच ७१ हजारांची नोंद निघाली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं!"

तरीही माझे मन लालवरच. मीटरचे कळले आहे तर भाव पाडून घेऊ, असे मी म्हटले. तेव्हा 'ह्यां'नी वही काढली.

शनिवार-रविवार जाऊन-येऊन २८० किलोमीटर. वर्षाचे ५० आठवडे धरले, तर १४ हजार. पेट्रोल लिटरला १०६ रुपये धरले. साधी गाडी १८ चे पडते, वर्षाला ८२ हजार. लाल गाडी माझ्या पायाखाली १२ चे देईल (हा 'ह्यां'चा अंदाज, मी निषेध नोंदवला), म्हणजे १ लाख २४ हजार. फरक बेचाळीस हजारांच्या आसपास. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटले आहे, की जुन्या बेताच्या चारचाकीचे मायलेज त्याने ६ ते ७ टक्के घटते. लातूरकडच्या उसालाही त्यामुळे चार पैसे येतात, म्हणून मी फार बोलत नाही. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तिथला ऊस आता माझ्या टाकीत येणार, याची मात्र मौज वाटते.

विम्यात उलटा न्याय आहे. तिसऱ्या माणसासाठीचा सक्तीचा विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १००० सी.सी.पर्यंत २,०९४ रुपये, त्यापुढे १५०० पर्यंत ३,४१६. टर्बो बसवलेली ९९८ सी.सी.ची तिखट गाडी त्यामुळे १,१९७ सी.सी.च्या गरीब गाईपेक्षा स्वस्तात सुटते. सरकार पातेले मोजते, मिरची मोजत नाही. मात्र विकणाऱ्याची 'नो क्लेम' सवलत आपल्याला मिळत नाही. ती माणसाबरोबर जाते, गाडीबरोबर नाही. आणि नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावे करून घ्यावा, हेही 'ह्यां'नी तांबड्या शाईने लिहिले.

हैदराबाद नि बिदर आम्हांला पुण्यापेक्षा जवळ. तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. पण परराज्यातली गाडी इथे कायमची आणली, की ना-हरकत दाखला आणून नवी नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. सगळी स्वस्ताई तिथेच संपते. पुण्याच्या गाडीला दाखला लागतो, कर पुन्हा लागत नाही.

खरा घाव घातला तो उस्तादांनी. लाल गाडीत दोन क्लचांची, आपोआप गिअर बदलणारी पेटी होती. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, गाडी एक नंबर. पण ही पेटी मी खोलणार न्हाई. नांदेडात कुणी खोलतो म्हटला तर त्याला खोलू देऊ नका." बिघडली तर पुणे किंवा हैदराबाद, तेही गाडी दुसऱ्या गाडीवर लादून, आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. मी म्हटले, बिघडेलच असे थोडेच आहे? ते म्हणाले, "न्हाई बिघडणार. पण बिघडली तर तुम्ही आईकडं कशात जाणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी आजवर वेगाचा विचार करत होते. आईला हवी होती ती पहाटे साडेचारला खात्रीने सुरू होणारी गाडी.

राहिला विकण्याचा भाव. आमच्या इथल्या दोन दलालांना विचारले: हीच लाल गाडी चार वर्षांनी आणली, तर काय द्याल? एकाने पावणेतीन लाख सांगितले. दुसरा म्हणाला, "असल्या गाडीला गिऱ्हाईक पुण्यातच. इथं पहिला सवाल, मायलेज किती? दुसरा, पार्ट मिळतो का?" पुण्यामुंबईत शौकीन माणूस बंद झालेल्या गाडीला उलट चढा भावही देतो, पण ती असावी जशीच्या तशी. कुणी सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली असेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि विमा कंपनी, दोन्हींची वक्रदृष्टी. नांदेड-लातूरला साधी पाच लाखांची गाडी चार वर्षांनी साडेतीनला सहज जाते. म्हणजे लालचा तोटा वर्षाला जवळजवळ ६९ हजार, साधीचा साडेसदतीस. पेट्रोल, झीज, रुंद टायर, भारी तेल मिळून लाल गाडीचा माज वर्षाला ऐंशी हजार. शनिवारी सोळाशे रुपये. 'ह्यां'नी वही मिटली आणि काही बोलले नाहीत, हे फार वाईट.

पण ट्रेलर माझ्या डोक्यातून जात नव्हता. लातूरचा रस्ता आता बराच रुंद झाला असला, तरी दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मागे दिवा नसताना, अंधारात चालतात. त्यांच्या बाजूने झटकन निघून जाता येणे ही चैन आहे, असे मला अजूनही वाटत नाही. मी तसे म्हटले, तर 'हे' चक्क "ते खरं आहे" म्हणाले.

मग मधला मार्ग सापडला. बलेनो आर.एस., २०१९ ची, हाताने गिअर टाकायची, शंभरावर अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. इंजिन वेगळे, त्याचे काही भाग मागवावे लागतील. पण बाकी गाडी उस्तादांच्या ओळखीची. त्यांनी स्वतः पुण्याला येऊन तोंड उघडून पाहिले. मीटर आणि नोंदी जुळल्या. सव्वापाच लाख. दलालाचा चार वर्षांनंतरचा आकडा साडेतीन. मायलेज पंधरा धरून वहीत साध्या गाडीपेक्षा शनिवारी पाचशे रुपये जास्त निघाले. "पाचशे तुमच्या पगारातून," 'हे' म्हणाले. मी सही केली. गाडी निळी आहे.

गेल्या शनिवारी आईला पहिल्यांदा तिच्यात बसवून गंजगोलाईपर्यंत नेले. दुखऱ्या कमरेने वाकून ती कशीबशी आत शिरली, पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिले.

"लाल व्हती म्हणं की गं?"

"ती नाही घेतली आई. ही कशी आहे?"

"चांगली हाय." थोडा वेळ ती गप्प बसली. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एस.टी.त तिकीट नाही. "पर मला तर एस.टी. फुकट हाय," ती म्हणाली, "आन् चढायला दांडी बी असती."