परसदारी : खुंटाचा फुटवा



उज्जैन नगरीत फ्रीगंज वस्तीच्या मध्यभागी टावर चौक आहे. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात आणि चिरलेल्या लिंबांची वाटी त्यांवर बहुधा असतेच; कारण लिंबू पिळल्यावाचून माळव्यातील माणसास पोहे गोड लागत नाहीत. शिंद्यांच्या अमलापासून या नगरीत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांपैकी एका घरी, चौकापासून हाकेच्या अंतरावर, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी उतरलो होतो. त्या घरच्या परसात दोन झाडे होती, एक कागदी लिंबाचे व दुसरे संत्र्याचे. आणि दोन्ही झाडांपायी घरात दुःख होते.

लिंबाच्या बुंध्यातून डिंक ओघळत होता व पाने पिवळी पडली होती. घरातील आजी खरकटी भांडी विसळलेले पाणी नित्यनेमाने त्याच्या बुंध्याशी ओतीत. "तहानलेल्याला पाणी घालणे हा का गुन्हा, फादर?" असे त्यांनी मला विचारले. गुन्हा नव्हे, परंतु माळव्याची काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि लिंबूवर्गीय झाडास बुंध्याशी साचलेला ओलावा मुळीच सोसत नाही. त्यातूनच डिंक्या रोग जडतो. आळे बुंध्याला भिडवू नये. बुंध्याभोवती मातीची भर घालून एक बांगडी करावी, तिच्या बाहेर दुसरी बांगडी करावी आणि या दोहोंच्या मधल्या जागेत पाणी द्यावे. अन्न शोषणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात.

रोगट साल धारदार चाकूने खरवडून तेथे बोर्डोची मलम लावावी. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावा; सारे मिळून पाणी १ लिटर असावे. भांडे लोखंडाचे नसावे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ही मलम लावल्यास रोगास पुष्कळ आळा बसतो.

संत्र्याचे दुःख मात्र निराळे होते. वडिलांच्या हयातीत धाकट्या मुलाने ते कलम आणून लावले होते. प्रथम काही वर्षे फळे गोड आली. पुढे झाड काटेरी झाले व जाड, खरबरीत सालीची आंबट फळे देऊ लागले. थोरला म्हणे, "याने स्वस्तातले कलम आणले, वडिलांना फसवले." धाकटा म्हणे, "माझ्यामागे झाडाकडे कोणी पाहिलेच नाही." एवढ्यावरून दोघा भावांचे बोलणे तुटले होते.

आम्ही बुंध्याशी बसून पाहिले. जमिनीपासून वीतभर उंचीवर सांध्याची खूण होती आणि तिच्यावरचा भाग केव्हाच वाळून गेला होता. उभा होता तो सारा विस्तार सांध्याखालून फुटलेला. वाचकहो, संत्र्याचे कलम म्हणजे दोन झाडांचा संसार. खाली जंबेरीचा अथवा रंगपूर लाइमचा काटक खुंट असतो, आणि त्यावर गोड संत्र्याचा डोळा भरलेला असतो. खुंटाला फुटवा आला की तो सरळ व जोमाने वाढतो, आणि घरच्यांना वाटते, झाडाने बाळसे धरले! परंतु तो फुटवा वरच्या फांद्यांचा घास खातो. असा फुटवा कोवळा असतानाच बोटाने मोडावा. येथे तो कोणी मोडला नाही, कारण तो सर्वांनाच आवडला होता. लबाडी कोणाचीच नव्हती. फुटवा मात्र दोघांच्याही डोळ्यांदेखत वाढला होता.

थोरल्याने कुऱ्हाड आणली. मी म्हणालो, मूळ जिवंत आहे, तोडू नका. त्यांनी झाड गुडघ्याइतके छाटले, नव्या फुटव्यांतील दोन राखले, आणि हिवाळ्यात ते पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर त्यांवर डोळे भरले. डोळ्यांची काडी आणावयास धाकटा आगरकडे गेला. उज्जैनच्या उत्तरेस असलेला तो मुलूख आज संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१३ साली त्याचा आगर माळवा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

आपल्या महाराष्ट्रात नागपूरच्या संत्र्यास २०१४ साली व जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि परसात एकच झाड लावावयाचे असेल, तर कागदी लिंबूच लावावे. ताज्या फळाचे बी सुकू न देता पेरावे. एका बियेतून अनेकदा दोन-तीन रोपे निघतात व ती बहुतेक आईसारखीच असतात. पावसाळ्याच्या आरंभी अडीच फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो माती व कुजलेल्या शेणखताने भरावा. जमीन भारी असेल तर उंचवटा करून रोप लावावे. चार-पाच वर्षांनी फळ धरते. कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखे काही दिसले तर ती अळी समजून वेचून काढावी. पानाफळांवर खैऱ्याचे खडबडीत तपकिरी डाग दिसल्यास त्या डहाळ्या पावसाळ्यापूर्वी छाटून जाळाव्यात.

हे फळ क्षुल्लक समजू नये. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने हिरड्या सडविणाऱ्या रोगाने पीडलेल्या बारा खलाशांवर सहा निरनिराळे उपचार करून पाहिले. ज्या दोघांस संत्री व लिंबू दिले, ते सर्वांत लवकर उठून कामाला लागले.

गेल्या हिवाळ्यात उज्जैनहून पत्र आले. दोहोंपैकी एक डोळा जगला आहे. त्यावर फळ यावयास अद्याप अवकाश आहे. आजी आता भांड्यांचे पाणी अळूला घालतात. आणि दर रविवारी सकाळी दोघे भाऊ सांध्याखाली नवा फुटवा आला आहे काय, हे वाकून पाहतात. पत्र धाकट्याच्या हातचे होते. खाली सही दोघांची होती.