घरचा चित्रफलक : ठिपके थोडे, रेघ मोठी

मागील महिन्यांत आपण मुलांच्या हातीं प्रथम कोणता कुंचला द्यावा याचा विचार केला. या वेळचा विषय मी शोधून काढलेला नाहीं. तो आमच्याच घरीं, जेवणघराशेजारच्या मेजावर, आपणहून चालत आला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील बंधु, यांचें सहस्रचंद्रदर्शन येत्या मार्गशीर्षांत करावयाचें घरांत ठरलें आहे. आमंत्रणपत्रिकेवर दीड इंचाचें आणि सभागृहाच्या दारीं सहा फूट उंचीचें असें दादांचें एकच हास्यचित्र असावें, ही कल्पना माझ्या पुतण्याची मुलगी शरयू हिनें काढली व वडील मंडळींनीं ती उचलून धरली. अडचण एक होती. दादांच्या दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची झीज गेलीं चार वर्षें चालू आहे. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना आतां दिसत नाहीं; कडेकडेचें मात्र दिसतें. घरांतील माणसें ते चालीवरून, उभें राहण्याच्या ढबीवरून आणि आवाजावरून ओळखतात. म्हणजे चित्र ज्यांचें, त्यांनाच त्यांतले नाक-डोळे दिसणार नव्हते. "काकाआजोबा, दुसऱ्या कोणाला नाहीं आवडलें तरी चालेल, पण आजोबांना तें ओळखूं आलें पाहिजे," असें शरयूनें मला पहिल्याच दिवशीं बजावलें.

चित्र व्हेक्टर पद्धतीनें करावयाचें होतें. तरुण वाचकांना ही पद्धति ठाऊक असेल. वडील वाचकांसाठीं दोन शब्द सांगतों. संगणकावरील छायाचित्र हें बारीक रंगीत चौकोनांचें बनलेलें असतें. तें फार मोठें केलें कीं ते चौकोन दिसूं लागतात. व्हेक्टर चित्रांत चौकोन नसून रेषेचें गणित असतें. रेघेच्या दोन टोकांचे ठिपके कोठें आहेत, आणि त्या ठिपक्यांतून निघणाऱ्या दोन अदृश्य दांड्या रेघेला कोणीकडे व किती ओढतात, एवढेंच संगणक लक्षांत ठेवतो व दर वेळीं रेघ नव्यानें आंखतो. ही युक्ति मुळांत चित्रकारांची नव्हे, मोटारी बांधणाऱ्यांची आहे. फ्रान्समध्यें सित्रोएन कारखान्यांतील पॉल द कास्तेल्जो यांनीं १९५९ सालीं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत रेनो कारखान्यांतील पिएर बेझिए यांनीं, मोटारीच्या पत्र्याचे बांक गणितांत बसविण्याकरितां ती स्वतंत्रपणें सिद्ध केली. पहिल्याचें काम कारखान्यानें गुप्त ठेवलें, दुसऱ्याचें प्रसिद्ध झालें. म्हणून आज नांव बेझिए यांचें आहे. १९८७ सालीं निघालेल्या इलस्ट्रेटरनें ती चित्रकारांच्या हातीं दिली. इंकस्केप हें साधन २००३ पासून विनामूल्य मिळतें, आणि शरयू तेंच वापरते.

पहिल्या दिवशीं तिनें केलें तें बहुतेक नवशिके करतात तेंच. कागदावर पेन्सिलीनें दादा काढले, त्याचें छायाचित्र घेतलें, आणि साधनाला तें आपोआप गिरवावयास सांगितलें. अर्ध्या मिनिटांत चित्र तयार! दीड इंचांत तें मोठें गोड दिसलें. मग तिनें तें वाढवून पाहिलें तों दादांच्या टकलाला गोंवर उठल्यासारखें झालें. जेथें पाहावें तेथें बारीक उंचवटे आणि खळगे. ठिपके मोजले ते दोन हजारांवर भरले. यांत यंत्राला दोष देण्यांत अर्थ नाहीं. पेन्सिलीची थरथर, कागदाचा खरखरीतपणा आणि काढणाऱ्याच्या मनांतील रेघ यांतला भेद त्याला कळत नाहीं. तें बिचारें सारेंच इमानानें गिरवितें.

हा भेद मीं तिला आमच्या वहिनींच्या रांगोळीवरून दाखविला. रांगोळी शिकणारी मुलगी एका ठिपक्यापासून पुढल्या ठिपक्यापर्यंत जाते, थांबते, श्वास घेते, पुन्हां निघते. तिची पाकळी म्हणून कोंपऱ्याकोंपऱ्यांची होते. वहिनींची नजर दूरच्या ठिपक्यावर असते आणि चिमूट एका ओघांत तेथें पोंचते. व्हेक्टर रेघ अशीच काढावयाची असते. इतकेंच कीं, येथें ठिपके रांगोळीहूनहि थोडे लागतात. संपूर्ण वर्तुळाला चार ठिपके पुरतात. प्रत्येक दांडी त्रिज्येच्या सुमारें ०.५५ पट ठेवली म्हणजे झालें. गणिताच्या दृष्टीनें तें खरें वर्तुळ होत नाहीं. परंतु चूक त्रिज्येच्या दहा हजार भागांत तीन भागांहूनहि कमी असते, आणि तेवढी पाहणारा डोळा अजून जन्माला यावयाचा आहे.

ठिपका ठेवावयाचा कोठें, हाच सारा प्रश्न आहे. बांक जेथें सर्वांत वर, सर्वांत खालीं, किंवा अगदीं डावीउजवीकडे जाऊन परततो, तेथें ठिपका द्यावा व दांडी सरळ आडवी किंवा सरळ उभी धरावी. उताराच्या मध्येंच दिलेला ठिपका बहुधा निरुपयोगी असतो आणि पुढें चित्र हलवितांना तोच पायांत येतो. दांडीची लांबी त्या तुकड्याच्या सुमारें एक तृतीयांश असावी. फार आंखूड ठेवली तर रेघ मध्यें सपाट होऊन टोंकाशीं अकस्मात् वळते. फार लांब ओढली तर तिला पीळ पडतो. रेघ सळसळीत जावयास हवी असेल तेथें ठिपक्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या एका ओळींत ठेवाव्या. कोंपरा हवा असेल तेथें त्या बुद्ध्या मोडाव्या. शरयूचे बहुतेक कोंपरे मात्र ठरवून झालेले नव्हते, नकळत झालेले होते. तिनें सारें पुसून पुन्हां आरंभ केला. पेन्सिलीचें चित्र खालीं फिकें ठेवून वर हातानें ठिपके दिले. दादांचें डोकें, कानासकट, अकरा ठिपक्यांत बसलें. असलें काम हातांत बसावयास तीन संध्याकाळी लागल्या, व त्यांतील दोन तिनें माझ्यावर रागावण्यांत घालविल्या.

मग निराळीच फजिती झाली. चष्मा आणि भुंवया तिनें नुसत्या रेघांनीं काढल्या होत्या. चित्र सहा फुटांचें केलें तेव्हां शरीर वाढलें, पण चष्म्याची कांठ सुतासारखी राहिली. आणि तेंच पत्रिकेसाठीं लहान केलें तेव्हां दादांच्या नाकावर दोन काळे रुपये चिकटविल्यासारखे दिसले. अशा साधनांत एक कळ असते. आकाराबरोबर रेघेची जाडीहि वाढावी कीं नाहीं, तें तिनें ठरतें, व ती बंद असल्यास असा घोटाळा होतो. ती कळ चालू ठेवावी, हें पहिलें. आणि काम छापखान्याकडे धाडतांना, मूळ प्रत आपल्याजवळ राखून, दुसऱ्या प्रतीतील सर्व रेघांचे भरींव आकार करून टाकावे, हें दुसरें. म्हणजे पलीकडच्या यंत्रावर कोणती कळ कशी आहे याची आपणांस चिंता नको.

जाडीच्याच संदर्भांत एक मतभेदाचा मुद्दा आहे. सर्वत्र एकाच जाडीची रेघ निर्जीव दिसते, म्हणून बाहेरची कड जाड व आंतील सुरकुत्या बारीक ठेवाव्या, असा उपदेश सर्रास केला जातो. नवशिक्याला तो उपयोगी आहे यांत शंका नाहीं. परंतु बेल्जममधील एर्झे यांनीं १९२९ पासून टिनटिनच्या कथा काढल्या, त्यांतील परिपक्व चित्रांची रेघ जवळजवळ एका जाडीची आहे, आणि त्या मुलाला निर्जीव कोण म्हणेल? आपल्याकडील शि. द. फडणीस यांचीं शब्दावांचूनचीं हास्यचित्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांनाहि स्वच्छ, संयमी रेघेचें सामर्थ्य सांगावयास नको. माझ्या मतें एकजाडीची रेघ पत्करावयाची तर आकार बिनचूक पाहिजे; जाडीबारकीच्या आडोशाला मग लपतां येत नाहीं.

आणखी एक मोह संगणकानें आणला आहे, तो म्हणजे अर्धा चेहरा काढून आरशांतल्यासारखा दुसरीकडे उलटविण्याचा. डिस्ने यांच्या चित्रशाळेंतील जुने चित्रकार फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा जुळेपणापासून सावध केलें आहे. दोन्ही हात, दोन्ही पाय एकच हालचाल करूं लागले कीं पात्र लांकडी होतें. शरयूनेंहि हेंच केलें होतें. पण दादांची उजवी भुंवई डावीपेक्षां वर असते, आणि कोणी खोटें बोलूं लागलें कीं आणखी वर जाते, हें आमच्या घरांतील सर्व मुलांना अनुभवानें ठाऊक आहे. उलटविलेल्या चेहऱ्यांतून ती भुंवई नाहींशी झाली, आणि तिच्याबरोबर दादांचा धाकहि.

इतकें झाल्यावर चित्र खरोखर देखणें झालें. मीं तेव्हां तिला शेवटची परीक्षा घ्यावयास सांगितली, आणि खरें म्हणजे हीच पहिली घ्यावयास हवी होती, ती चूक माझी. सर्व रंग काढून आकृति काळ्या रंगानें भरावी आणि तिऱ्हाइताला विचारावें, हा कोण? कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागें नाचवितात. तेथें सारी ओळख बाह्याकृतीवर अवलंबून असते. १९२८ सालीं पडद्यावर आलेल्या मिकी माऊसनें तोंड कोणीकडेहि वळविलें तरी त्याचे दोन कान गोलच दिसतात. खरा कान असा दिसणें शक्य नाहीं. परंतु त्या दोन गोलांमुळें तो काळ्या छायेंतहि ओळखूं येतो.

आम्हीं ती काळी आकृति छापून ओसरीवर लावली. वाकलेली पाठ, हातीं काठी. वहिनी पोळ्यांचें पीठ मळतां मळतां बाहेर आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा कोणीतरी म्हातारा आहे. हे नव्हेत." शरयूचा चेहरा उतरला. पण वहिनींचें बोलणें अक्षरशः खरें होतें. दादांनीं आजतागायत काठी हातीं धरलेली नाहीं. डॉक्टरांनीं सांगूनहि नाहीं. त्यांच्याजवळ असते ती छत्री, आणि ती बाराहि महिने. हास्यचित्रांत म्हातारा म्हटला कीं काठी, पंडित म्हटला कीं शेंडी, हें आपण इतकें पाहिलेलें असतें कीं समोर बसलेल्या माणसाकडे पाहावयाचेंच राहून जातें. ठिपक्यांची चूक साधनावर दुरुस्त होते. ही चूक दुरुस्त करण्यासाठीं शरयूला चार दिवस दादांच्या मागून बाजारांत जावें लागलें. तेव्हां तिला दिसलें कीं, पाठ वाकलेली नाहींच. मान तेवढी पुढें आहे, आणि तीस वर्षें कचेरीची पिशवी वाहिलेला डावा खांदा दोन बोटें खालीं आहे.

नव्या आकृतींत तिनें हे सारें आणलें. बाकीचे दोष लहान होते. छत्रीचें टोंक बुटाला नुसतें टेकत होतें. अशा वेळीं पुढें काय व मागें काय तें डोळ्याला उमगत नाहीं, म्हणून एक तर एक वस्तु दुसरीवर स्पष्ट येऊं द्यावी, किंवा दोहोंमध्यें मोकळी जागा ठेवावी. सदरा व हात यांच्या रंगांमधून पांढरी केसासारखी फट दिसत होती. त्यावर उपाय शिवणकाम करणाऱ्या भगिनींना सांगावयास नको. कापडाला माया ठेवतात तशी खालच्या रंगाला ठेवावी, व वरचा रंग तिच्यावर येऊं द्यावा. शेल्याचा पोपटी रंग पडद्यावर झळकला आणि कागदावर मावळला, कारण पडदा उजेडानें रंगतो व कागद शाईनें. याचा नमुना आधींच छापून पाहावा. आणि हात, छत्री, डोकें हे भाग एकत्र न चिकटवितां वेगवेगळ्या थरांवर नांवें देऊन ठेवावे. हें शेवटचें मीं सांगितलें तेव्हां तिला तें निव्वळ शिस्तीचें खूळ वाटलें.

गेल्या रविवारीं नवी काळी आकृति ओसरीवर लावली आणि कोणीहि दादांना कांहीं सांगितलें नाहीं. ते देवळांतून आले, पायरीवर थांबले. डोळ्यांच्या मधल्या भागानें दिसत नाहीं, म्हणून हल्लीं ते मान किंचित् वळवून पाहतात. तसे दोनतीन वेळां इकडून तिकडून पाहत उभे राहिले. शरयू माझ्या मागें लपली होती.

"छत्री मनगटावर कां अडकविली आहे माझी?" दादा म्हणाले. "चालतांना गुडघ्यावर आपटते ती. कोंपराशीं घे, वर."

छत्री वेगळ्या थरावर होती. शरयूनें आंत जाऊन ती कोंपराशीं नेली, आणि दादा चहाला बसण्यापूर्वीं नवा कागद भिंतीवर लागलाहि होता.