कॉफीच्या रांगेतली चित्रं

मैत्रिणींनो, लोणच्याच्या फोडी आणि लोकरीचे टाके या आठवड्यापुरते जरा बाजूला ठेवू या. सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. प्रश्न त्यांचा एकटीचा असला तरी तो तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या खाली पडून असेल, अशी माझी खात्री आहे.

त्या लिहितात, ‘ताई, आमच्या गावात नवीन कॉफीचं दुकान निघालंय. तिथे वेटर नाही. आपणच काउंटरवर जायचं, आधी पैसे भरायचे, नंबर पुकारला की आपला कप आपण आणायचा आणि पिऊन झालं की ट्रे परत नेऊन ठेवायचा. भिंतींवर चित्रं लावलेली असतात. दर महिन्याला निराळ्या माणसाची, आणि खाली किंमतही लिहिलेली. काउंटरवर पाटी आहे, आपली चित्रं लावायची असल्यास विचारा. शाळेत असताना माझ्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा झाल्या. इंटरमीजिएटला ‘ए’ ग्रेड होती. लग्नानंतर सुटलं सगळं. मुलं मोठी झाल्यावर दुपारचे रंग काढायला लागले. आता अकरा चित्रं झालीत. वाड्याचा दरवाजा, तुळशीवृंदावन, बाजारातली भाजीवाली असली. लावावीत का तिथे? हे म्हणतात, चहा-कॉफीच्या दुकानात आपलं आडनाव टांगायचं का? सासूबाई म्हणतात, विकत कोण घेणार? मला दोघांनाही उत्तर देता येईना.’

उत्तर लिहायला बसण्याआधी मी आमच्या गावातल्या तसल्याच एका दुकानात जाऊन बसले. एकटी. पहिल्यांदा मलाही बावरल्यासारखं झालं, हे कबूल करते. पाणी कुठून घ्यायचं ते कळेना, नंबर पुकारला तो ऐकू आला नाही. मनात म्हटलं, घरी हातानं करा, इथेही हातानंच करा, मग पैसे कशाचे द्यायचे? पण एक कप, तोही फक्त स्वतःसाठी, स्वतःच्या हातानं टेबलावर आणून ठेवला तेव्हा बरं वाटलं. कुणी ‘आणखी काय आणू?’ म्हणून डोक्याशी उभं नाही, कुणी टेबल रिकामं करण्याची घाई करत नाही. पाऊण तास बसले आणि लोकांकडे पाहत राहिले.

तेव्हा एक गंमत ध्यानात आली. टेबलाशी बसलेली माणसं चित्रांकडे क्वचितच बघत होती. ती आपापसात बोलत होती नाहीतर मोबाईलमध्ये डोकं घालून होती. पण रांगेत उभा असलेला जवळपास प्रत्येक माणूस भिंतीकडे बघत होता. उभ्या माणसाला दुसरं करायला काय असतं? कॉफी तयार होईपर्यंतची ती चार-पाच मिनिटं चित्राची. वेटर नसल्यामुळे माणूस उठतो, आणि उठलेला माणूस भिंतीजवळ जातो. तेव्हा अशा दुकानात चित्रं लावणं ही नुसती सजावट नाही. तिथे ती खरोखर बघितली जातात. मुद्दाम चित्रप्रदर्शनाला जाणारी माणसं गावात किती? आणि कॉफी प्यायला जाणारी किती?

आता यजमानांच्या प्रश्नाकडे वळू. कॉफीच्या दुकानात नाव टांगायचं का? त्यांना सांगा, त्याहून मोठी नावं तिथे टांगून झाली आहेत. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १८९७ साली ‘एल्स क्वात्रे गात्स’, म्हणजे ‘चार मांजरं’, या नावाचं एक खाण्यापिण्याचं ठिकाण निघालं. तिथे १९०० सालच्या फेब्रुवारीत अठरा वर्षांच्या एका मुलानं आपल्या मित्रमंडळींची रेखाटनं चौकटीशिवायच भिंतीवर लावली. त्या मुलाचं नाव पाब्लो पिकासो. त्याचं एकट्याचं असं ते पहिलंच प्रदर्शन. १९०३ साली ते ठिकाण बंद पडलं, पण त्या भिंतीचं नाव राहिलं.

आणि सासूबाईंचा प्रश्न, विकत कोण घेणार? त्याला दुसरी गोष्ट आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. आयफेल टॉवर बांधला तो त्याच प्रदर्शनासाठी. तिथल्या सरकारी कलादालनात पॉल गोगँ आणि त्याच्या मित्रांना जागा नव्हती. त्याच आवारात व्होल्पिनी नावाच्या माणसाचा कॅफे होता. भिंतींसाठी मागवलेले आरसे त्याला वेळेवर मिळाले नाहीत. उघड्या भिंती कशा झाकायच्या या विवंचनेत तो असताना गोगँच्या एका मित्रानं त्याला चित्रं लावायला राजी केलं. एकही चित्र विकलं गेलं नाही! पण काही तरुण चित्रकारांनी ती तिथे पाहिली, आणि पुढे ते स्वतः निराळ्या वाटेनं गेले. विक्री होणं चांगलंच, पण लावण्याचं सार्थक तेवढ्यानंच होतं असं नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर मुंबईचं घ्या. काळा घोडा भागात १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. तिच्याच एका लांबट, आगगाडीच्या डब्यासारख्या अरुंद जागेत उषा खन्ना यांनी १९६४ साली ‘समोवार’ नावाचा कॅफे काढला. तिथे वेटर होते, पण परोठे आणि पुदिन्याचा चहा यांच्या निमित्तानं चित्रकार, कॉलेजातली मुलं, कचेरीतल्या बायका असे सगळे एकाच छपराखाली येत. चहाला आलेला माणूस जाता जाता दालनात डोकवायचा. जवळजवळ पन्नास वर्षं चालून २०१५ च्या मार्चमध्ये तो बंद झाला, तेव्हा लोक हळहळले. जहांगीरमध्ये तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून बाहेरच्या फूटपाथवर चित्रं मांडून बसणारे चित्रकारही आहेत. त्यांना कुणी कमी लेखत नाही. मग आपल्या गावातल्या कॉफीच्या भिंतीला कमी का लेखायचं?

तेव्हा बाई, माझं उत्तर असं की लावा. पण हौसेच्या भरात लावू नका. संसार जसा हिशेबानं करतो तसं करा. काय काय पाहायचं ते सांगते.

पहिली गोष्ट, अकराच्या अकरा नेऊ नका. पाच किंवा सहा निवडा, आणि एका विषयाची निवडा. बाजारातल्या बायका असतील तर त्याच. नागपूरजवळच्या खेड्यात जन्मलेल्या बी. प्रभा यांनी कोळणी आणि कष्टकरी बायका पुन्हा पुन्हा रंगवल्या, आणि त्याच त्यांची ओळख झाली. भाजीवालीला तुमच्याइतकं रोज जवळून कोण बघतं?

दुसरी गोष्ट चौकटीची. कागदावरचं जलरंगातलं चित्र काचेला चिकटता कामा नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी, म्हणजे माउंट, घालायला सांगा. नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला धरतो आणि बुरशीचे ठिपके येतात. चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा. भिंत आणि चित्र यांत हवा खेळती राहते, ओल चढत नाही. घरातल्या फोटोंनाही हीच युक्ती करा, बरं का! काच पुसताना पाणी काचेवर उडवू नका. फडका किंचित ओला करून त्यानं पुसा.

तिसरी गोष्ट जागेची. कॉफीच्या यंत्राची वाफ जिथे येते तिथे चित्र नको, आणि दुपारचं ऊन पडतं त्या भिंतीवर तर मुळीच नको. जलरंग उन्हानं उडतात. रांग जिथे उभी राहते ती भिंत मागून घ्या, आणि लहान, बारीक कामाची चित्रं तिथे लावा, कारण तिथला माणूस हातभर अंतरावर असतो. टेबलांच्या बाजूला मोठी, लांबून कळणारी लावा. उभ्यानं बघायचं असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर यावा, बसून बघायचं असेल तर थोडा खाली.

चौथी गोष्ट किमतीची, आणि इथेच आपण बायका मार खातो. ‘अहो, घरीच तर केलंय’ असं म्हणून आपण दिवाळीचा फराळही फुकट वाटतो! कागद, रंग, चौकट यांचा खर्च मांडा. त्यावर तुमच्या तासांची मजुरी लावा. शिवणाची लावता ना, तशीच. दुकानदाराचा हिस्सा त्यात धरा. कुठे दुकानदार काहीच घेत नाहीत, कुठे चौथा किंवा तिसरा हिस्सा घेतात. आधी विचारा, आणि एकदा सांगितलेली किंमत ओळखीच्या माणसासाठी खाली आणू नका. पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार तेही ठरवा. माझं मत विचाराल तर तुमच्या स्वतःच्या.

पाचवी गोष्ट कागदाची. तोंडी व्यवहार करू नका, माणूस कितीही सज्जन असो. एका कागदावर चित्रांची यादी, प्रत्येकाची किंमत, किती दिवस लावायची, फुटलं, भिजलं किंवा चोरीला गेलं तर भरपाई कोण करणार, हे लिहून दोघांच्या सह्या करा. एक प्रत तुमच्याकडे ठेवा. चित्रं परत घेताना त्याच यादीवर खूण करा. प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तुमची सही आणि साल हवं, आणि शेजारच्या चिठ्ठीवर नाव, माध्यम, आकार आणि किंमत.

आणि एक कायद्याची गोष्ट. चित्र विकलं म्हणजे त्याचे सगळे हक्क विकले असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही आपल्या मनानं काढलेल्या चित्राचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. विकत घेणाऱ्यानं ते घरात लावावं, पण कॅलेंडरवर छापायचं असेल तर तुम्हाला विचारायला हवं. कुणी पैसे देऊन मुद्दाम आपल्यासाठी चित्र काढून घेतलं तर गोष्ट वेगळी. तिथे कॉपीराइट त्याचा होऊ शकतो, म्हणून ते आधीच लिहून ठरवा. दुकानाची मंडळी जाहिरातीसाठी चित्रांचे फोटो मोबाईलवरून पाठवतात. पाठवू देत, पण खाली तुमचं नाव असावं, एवढी अट घाला.

नाव म्हटलं की यजमानांची गोष्ट परत आलीच. पाहा, त्यांचा राग चित्रांवर नाही. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती आहे ती. आपल्याला ती परकी नाही, आपणही तिच्यातच वाढलो. तिच्याशी वाद घालून काही होत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला फार दिसली. अकरा चित्रं झाली, पण यजमानांनी त्यातली कुठली पाहिली, त्यांना कुठलं आवडलं, याबद्दल एक ओळ नाही. दुपारी काढायची आणि कुणी यायच्या आत उचलून ठेवायची, असंच झालं असावं. नेहमीच्या जागी नेहमीच्या माणसाचं काम दिसत नाही. पोळी रोज गोल होते, म्हणून कुणी तिच्याकडे बघतं का?

तेव्हा असं करा. आधी चित्रं लावायचं बोलू नका. एखाद्या रविवारी संध्याकाळी त्यांना म्हणा, चला, कॉफी पिऊन येऊ. तुम्ही टेबलावर बसा, आणि त्यांना रांगेत उभं करा. पैसे त्यांना भरू द्या, नंबर त्यांना ऐकू द्या, ट्रे त्यांना आणू द्या. तेवढा वेळ समोरच्या भिंतीवर दुसऱ्या कुणाची तरी चित्रं असतील. ती बघतीलच ते, दुसरं करायला काय आहे तिथे? परत येऊन ते नक्की काहीतरी बोलतील. बरं नाहीतर वाईट. ‘यापेक्षा तू बरी काढतेस’ असं म्हणाले, तर तुमचं काम झालं. नाही म्हणाले, तरी घरी आल्यावर अकराही चित्रं दिवाणावर मांडा आणि एकच विचारा, ‘यातली पाच कुठली नेऊ?’ ‘नेऊ का’ असं विचारू नका. ‘कुठली नेऊ’ असं विचारा. सासूबाईंनाही तेच विचारा. भाजीवालीच्या पाटीतली मेथी जमली आहे की नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला कळणार?

आणि बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्या गावात असं दुकान असेल तर एकदा जाऊन या. चित्रातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून मागे राहू नका. साडी घेताना रंगसंगती कुणी शिकवली होती का आपल्याला? कप हातात घ्या, एका चित्रासमोर जरा उभ्या राहा, आवडलं तर का आवडलं एवढंच स्वतःला विचारा. खाली नाव कुणाचं आहे तेही वाचा. कुणी सांगावं, ते तुमच्याच आळीतल्या एखादीचं असेल.

सातारकर बाई, पाच कुठली निवडली ते मला जरूर कळवा.