विदर्भाचा संघ : पाहुणे किती, घरचे किती?

मृगाचा पहिला पाऊस पडला की वऱ्हाडातील शेतकरी बियाण्याच्या आणि खताच्या चौकशीला लागतो. त्याच सुमारास अमरावतीच्या आणि अकोल्याच्या क्रिकेटशौकिनांत एका निराळ्या पेरणीची चर्चा सुरू होते. यंदा विदर्भाच्या संघात बाहेरून कोण येणार, कोण सोडून जाणार, प्रशिक्षक तोच राहणार की बदलणार, हे प्रश्न शाळेच्या शिक्षकदालनात, कचेरीत मधल्या सुट्टीत आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर सारख्याच तळमळीने चर्चिले जातात. मैदाने ओली असतात, खेळ बंद असतो. परंतु संघाचे भवितव्य ठरते ते ह्याच तीन-चार महिन्यांत. ऑक्टोबरात जे मैदानावर दिसते ते पावसाळ्यात केलेल्या करारांचे पीक असते.

ह्या चर्चेत दोन पक्ष ठरलेले आहेत. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, विदर्भाला जे वैभव मिळाले ते बाहेरच्या प्रशिक्षकांनी आणि खेळाडूंनी मिळवून दिले; तेव्हा एक पाहुणा गेला तर त्याहून नामांकित दुसरा आणावा. दुसऱ्या पक्षाला हे मुळीच मान्य नाही. अकरांतल्या तीन जागा परक्यांना द्यायच्या असतील तर अकोल्याच्या आणि अमरावतीच्या मुलांनी उन्हातान्हात घाम गाळायचा कशासाठी, असा त्याचा सवाल आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघांनीही हिशेब अर्धाच मांडलेला आहे.

पाहुण्यांनी काय दिले?

विदर्भाचा संघ रणजी करंडक स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळत आहे. पहिले अजिंक्यपद मिळण्यास त्याला ६० वर्षे लागली. मधल्या काळात ह्या संघाची गणना ज्यांच्याविरुद्ध इतरांनी गुण मिळवावेत अशा संघांतच होत असे. विदर्भाचा म्हणून ओळखला जाणारा पहिला कसोटीपटू उमेश यादव. त्याचे कसोटी पदार्पण झाले ते नोव्हेंबर २०११ मध्ये. एवढ्या मोठ्या प्रदेशाला एका कसोटीपटूसाठी अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागावी, ह्यातच त्या काळची अवस्था स्पष्ट होते.

२०१७ साली मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. वसीम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश हे पाहुणे फलंदाज संघात आधीच होते. त्या मोसमात विदर्भाने उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरविले आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीचा ९ गडी राखून पराभव करून करंडक जिंकला. पुढच्या मोसमात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून तो राखला. वयाची चाळिशी ओलांडलेल्या जाफरने त्या मोसमात १,०३७ धावा केल्या.

परंतु ह्या यशाचा तपशील नीट वाचला पाहिजे. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्रिक साधणारा रजनीश गुरबानी विदर्भाचा होता. १३३ धावा करणारा अक्षय वाडकर विदर्भाचा होता. त्या मोसमात ९१२ धावा करणारा कर्णधार फैज फजल विदर्भाचाच होता. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेल्यामुळे अंतिम सामन्यात ज्याला पदार्पणाची संधी मिळाली तो आदित्य ठाकरे अकोल्याचा, वय वर्षे १९. नागपूरच्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटेही घरचाच. म्हणजे पाहुण्यांनी करंडक आणून दिला, हे म्हणणे खरे नाही. पाहुण्यांच्या सहवासात घरची मुले करंडक जिंकण्याइतकी मोठी झाली, हे म्हणणे खरे आहे. ह्या दोन वाक्यांतील अंतर लहान दिसते. परंतु पावसाळ्यातील सारे निर्णय त्या अंतरावरच अवलंबून असले पाहिजेत.

२०२४-२५ च्या मोसमाचा अनुभव हेच सांगतो. जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी झाली होती. तेथून करुण नायर आणि २१ वर्षांचा दानिश मालेवार ह्यांनी २१५ धावांची भागीदारी केली. नायरने ८६ धावा केल्या, मालेवारने १५३. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. कसोटीत त्रिशतक ठोकलेला एक अनुभवी फलंदाज एका टोकाला उभा आहे आणि दुसऱ्या टोकाला एक नवखा मुलगा त्याच्याहून मोठी खेळी उभारतो आहे, हे दृश्य पाहुणा कशासाठी आणावा ह्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर होते. त्याच मोसमात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे आणि ९६० धावा करणारा यश राठोड हे दोघेही घरचे होते.

जागेची किंमत

अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची किंमत केवळ तिच्यासाठी मोजलेल्या पैशांत नसते. ती घेताना जी दुसरी गोष्ट सोडावी लागली तिच्यातही असते. नियमानुसार राज्य संघटनेला तीनपर्यंत बाहेरचे खेळाडू घेता येतात. अकरांपैकी तीन म्हणजे चारांतील एकाहून अधिक. पाहुण्याचे मानधन हा दिसणारा खर्च झाला. त्याच्यामुळे जो मुलगा राखीव बाकावर बसला किंवा तेथवरही पोहोचला नाही, त्याचा खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

हा खर्च लहान नाही. २०२१-२२ च्या मोसमापासून लागू झालेल्या दरांनुसार २० पर्यंत प्रथम दर्जाचे सामने खेळलेल्या खेळाडूस दिवसाला ४०,००० रुपये मिळू लागले. २१ ते ४० सामन्यांसाठी ५०,००० आणि त्यापुढे ६०,०००. चार दिवसांचे सात साखळी सामने खेळणाऱ्या नवख्या मुलाच्या हाती ह्या दराने ११ लाख २० हजार रुपये पडतात. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. संघात ज्याला जागाच नाही त्याला काहीच नाही. एखाद्या शिक्षकाचा किंवा कारकुनाचा मुलगा विसाव्या वर्षी स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडायची की बॅट उचलायची, ह्या पेचात असतो तेव्हा त्याच्या घरी हाच हिशेब चालू असतो. पूर्वी बँका, रेल्वे, विद्युत मंडळ अशा ठिकाणी खेळाडूंना मिळणाऱ्या नोकरीचा आधार असे. तो आटत गेल्यापासून संघातील एक जागा ही एका कुटुंबाच्या उपजीविकेची जागा झाली आहे.

तथापि, दुसरी बाजूही मांडली पाहिजे. संघ साखळीतच गारद झाला तर सर्वांचे सात सामने. तो अंतिम फेरीपर्यंत गेला तर पाच दिवसांचे आणखी तीन सामने. ह्याच दराने नवख्याला ६ लाख रुपये अधिक, आणि पैशांहून मोलाची गोष्ट म्हणजे निवडकर्त्यांच्या नजरेसमोर आणखी पंधरा दिवस. चांगला पाहुणा एक जागा घेतो आणि उरलेल्या आठ-दहा जणांचा मोसम लांबवितो. वाईट पाहुणा जागाही घेतो आणि मोसमही लांबवीत नाही. म्हणून पाहुणा हवा की नको, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणता पाहुणा, कोणत्या उणिवेसाठी आणि किती काळ, हा खरा प्रश्न आहे.

कापसाचा जुना धडा

ह्या चर्चेत एक गोष्ट बहुधा सुटून जाते, ती म्हणजे जाणाऱ्यांची. आदित्य सरवटे २०२४-२५ मध्ये केरळचा पाहुणा खेळाडू झाला आणि अंतिम सामन्यात आपल्या जुन्या संघाविरुद्धच त्याने ७९ धावा केल्या. अमरावतीत जन्मलेला जितेश शर्मा दहा वर्षांहून अधिक काळ विदर्भाकडून खेळला, भारताच्या संघात गेला, २०२५ मध्ये आय.पी.एल. जिंकणाऱ्या बंगळूरच्या संघाचा यष्टिरक्षक झाला. आणि त्याच वर्षी विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला. रणजी संघाचे यष्टिरक्षण कर्णधार वाडकरकडे होते. एका संघाला दोन यष्टिरक्षक लागत नाहीत, हे कोणीही समजू शकेल. परंतु ज्याची फलंदाजी देशाच्या संघात चालते त्याला आपल्या संघात केवळ फलंदाज म्हणून जागा कशी करता येईल, ह्याचा विचार बाहेरचा फलंदाज आणण्यापूर्वी व्हावयास हवा होता, असे अमरावतीकरांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

वऱ्हाडाला ह्या व्यवहाराची ओळख जुनी आहे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरमध्ये मागणी आली. येथून सरकी काढलेला कापूस गाठी बांधून गेला आणि कापड होऊन चढ्या भावाने परत आला. पिकविणाऱ्याच्या वाट्याला आले ते कच्च्या मालाचे मोल. क्रिकेटमध्येही वऱ्हाड गाठीच पाठवीत राहणार की येथे मागही बसणार, हा प्रश्न तेव्हाच्याइतकाच खरा आहे.

ह्याचा अर्थ जाणाऱ्यांना अडवावे असा नव्हे. जाफर मुंबईहून आला, नायर कर्नाटकातून आला. तेव्हा आनंद मानणाऱ्यांनी जितेश बडोद्याला गेल्यावर निष्ठेचे दाखले मागणे शोभत नाही. २०२५ मध्ये नायर भारतीय संघात परतला आणि पुढील मोसमासाठी पुन्हा कर्नाटकाकडे गेला. त्यानेही काही वावगे केले नाही. पाहुणा परत जाणारच. तो गेल्यावर घरात काय उरले, एवढेच पाहावयाचे असते.

उणीव कोठे आहे?

फ्रेडरिक लिस्ट ह्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८४१ साली बाल्यावस्थेतील उद्योगांना संरक्षण देण्याचा विचार मांडला. तो विचार मानणारेही एक अट घालतात : संरक्षण कायमचे नसावे, आणि कारखाना उभा राहीपर्यंत यंत्रे बाहेरून आणण्यास हरकत नसावी. येथे हीच कसोटी लावता येईल. पाहुणा जर यंत्रासारखा असेल, म्हणजे त्याच्या येण्याने येथले कौशल्य वाढत असेल, तर त्याच्यावरचा खर्च ही गुंतवणूक. तो केवळ तयार मालासारखा असेल, धावा केल्या आणि गेला असा असेल, तर तो उपभोग. उपभोगाने एक हंगाम सुखाचा जातो, गुंतवणुकीने दहा.

ह्या कसोटीवर प्रशिक्षक हा खेळाडूहून अधिक मोलाचा ठरतो. पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ साली त्या संघाने मुंबईला हरवून करंडक जिंकला. एक मनुष्य बदलल्याने दोन प्रदेशांच्या क्रिकेटचा इतिहास बदलतो. आणि तो अकरांतली एकही जागा अडवीत नाही. तरीही पावसाळ्यात चर्चा होते ती फलंदाजांचीच.

विदर्भाच्या वरिष्ठ संघाजवळ फलंदाजांची वाण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेष भारताविरुद्धच्या इराणी करंडक सामन्यात १४३ धावा करून ९३ धावांच्या विजयाचा पाया घालणारा अथर्व तायडे अकोल्याचा आहे. ज्या गावाने हा सलामीवीर आणि आदित्य ठाकरे ह्यांसारखा वेगवान गोलंदाज दिला, त्या गावात गुण नाहीत असे कोण म्हणेल? उणीव आहे ती गुण दिसल्यापासून संघात येईपर्यंतच्या मधल्या वाटेची. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५०. चाचणीसाठी पहाटेच्या गाडीने निघणाऱ्या मुलाची स्पर्धा त्याच शहरात राहून रोज टर्फवर सराव करणाऱ्या मुलाशी असते. दोघांचे गुण सारखे असले तरी त्यांची संधी सारखी नसते.

म्हणून मागणी पाहुणे बंद करण्याची नसावी. त्यांच्या करारात बदल करण्याची असावी. बाहेरचा खेळाडू ज्या जागेसाठी घरचा मुलगा तयार नाही त्याच जागेसाठी घ्यावा आणि ती जागा कोणती हे निवडीपूर्वी जाहीर करावे. करारातच अशी अट असावी की, मोसमापूर्वीचे दोन-तीन आठवडे त्याने नागपूरबाहेरच्या जिल्ह्यांत, तेथल्या मुलांबरोबर सराव करावा. जाफरसारखा फलंदाज अकोल्याच्या मैदानावर आठ दिवस नुसता उभा राहिला तरी तेथील सोळा वर्षांच्या मुलांना जे मिळेल ते कोणत्याही शिबिरात मिळणार नाही. एका पाहुण्याच्या मानधनाइतकी रक्कम दरवर्षी जिल्ह्यांतील पूर्णवेळ प्रशिक्षकांसाठी बाजूला काढावी. आणि बाहेरच्या खेळाडूंवर किती खर्च झाला, जिल्ह्यांवर किती, हे दोन आकडे वार्षिक अहवालात शेजारी-शेजारी छापावेत. आकडे शेजारी आले की वाद निम्मा मिटतो.

हे अशक्य आहे असे अमरावतीला तरी वाटू नये. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने येथल्या मातीत तयार केलेली मुले १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविण्यास गेली होती. त्या काळी ना दूरदर्शन होते ना लिलाव. होते ते एक आखाडा, शिकविणारी माणसे आणि रोजचा नेम.

पाहुण्याने घर उजळते, परंतु घर चालते ते घरच्यांवर. पुढल्या मृगात बाहेरून कोण येणार ही चौकशी क्रिकेटशौकिनांनी जरूर करावी. तिच्या जोडीला त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी जो पाहुणा आला होता, त्याच्याकडून अकोल्याचा कोणता मुलगा काय शिकला? ज्या पावसाळ्यात ह्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता येईल, त्या पावसाळ्यात पाहुण्यांच्या संख्येवर वाद घालण्याची कोणालाच गरज उरणार नाही.