एकबारी पिस्तुलाचें यंत्र कसें निवडावें?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें मनू भाकर यांनीं १० मीटर हवेच्या पिस्तुलांत कांस्यपदक मिळविलें. त्यानंतर घरोघरच्या मुलींनीं नेमबाजीचा हट्ट धरला तर नवल नाहीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत या हट्टावरून आठ दिवस खल चालला होता. आजोबांना 'पिस्तूल' हा शब्दच उंबरठ्याच्या आंत नको होता. काकांच्या मतें जें सर्वांत महाग तेंच घ्यावें. आणि जिच्यासाठीं हें सारें चाललें होतें, त्या मुलीला कोणी कांहींच विचारीत नव्हतें. अखेर प्रश्न आमच्याकडे आला. त्यावेळीं जें सांगितलें, तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्पर्धेचें हवेचें पिस्तूल एकबारी असतें. ४.५ मिलिमीटर व्यासाचा एकच छर्रा भरावयाचा, एका हातानें नेम धरावयाचा व चाप ओढावयाचा. असे ६० बार ७५ मिनिटांत पुरे करावयाचे. पिस्तुलाचें वजन १५०० ग्रॅमहून अधिक व चापाचा ताण ५०० ग्रॅमहून कमी चालत नाहीं. १० गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें. पुढची माशी व मागची खांच यांत ३० सेंटिमीटर अंतर धरलें, तर माशी खांचेंत एक मिलिमीटर सरकतांच छर्रा लक्ष्यावर सुमारें ३३ मिलिमीटर दूर जातो. दहाचे सहा होतात. ही चूक हाताची. कोणतेंही यंत्र ती भरून काढीत नाहीं.

छर्रा ढकलणारा वायु कोठून येतो, यावरून यंत्राचे चार प्रकार होतात. पहिलें स्प्रिंगचें. चाप ओढतांच दट्ट्या पुढें धांवतो व हवा दाबतो. परंतु छर्रा नळींतून सुटण्यापूर्वींच हाताला हिसका बसतो. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कारखान्यानें १९६५ मध्यें हा हिसका पिस्तुलांतल्या पिस्तुलांतच जिरविण्याची युक्ति काढली. साध्या स्वस्त पिस्तुलांत ती नसते. दुसरें कार्बन डायऑक्साइडचें. या वायूचा दाब उष्णतेवर अवलंबून: २० अंशांवर सुमारें ५७ बार, ३० अंशांवर सुमारें ७२. अर्थात् सकाळीं लावलेला नेम आमच्याकडील वैशाखांतल्या दुपारीं तसाच राहील, असा भरंवसा नाहीं.

तिसरें एका दाबाचें. प्रत्येक बारापूर्वीं तरफ एकदां उघडून मिटावयाची, कीं लागेल तेवढी हवा आंत कोंडली जाते. हिसका जवळजवळ नाहीं, बाहेरून कांहीं भरावयास नको. मात्र ६० वेळां तरफ ओढतांना कोंवळा हात दमतो. चौथें भरल्या हवेचें. नळीखालच्या सिलिंडरांत सुमारें २०० बार दाबाची हवा असते. छर्रा ठेवून झांकण लावलें कीं काम झालें. आज मोठ्या स्पर्धांतून हेंच दिसतें. परंतु त्याला हवा भरण्याची सोय हवी, आणि सिलिंडरावर कोरलेली मुदत संपल्यावर तें वापरतां येत नाहीं.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें खरा कस घरांतल्या सरावाचा आहे. मुलांबाळांनीं भरलेल्या घरांत छर्रा झाडतां येत नाहीं, आणि झाडूंही नये. घरीं करावयाचा तो कोरडा सराव: छर्ऱ्याशिवाय, कोऱ्या भिंतीकडे नेम धरून, माशी न हालवितां चाप ओढणें. स्प्रिंगच्या पिस्तुलाला हें सोसत नाहीं. समोर छर्ऱ्याचा अडसर नसल्यानें दट्ट्या टोकावर आदळून यंत्र बिघडतें. तिसऱ्या व चौथ्या प्रकारच्या स्पर्धेच्या पिस्तुलांत हवा न सोडतां केवळ चाप ओढण्याची योजना बहुधा असते. ती आहे कीं नाहीं, हा प्रश्न किंमतीच्या आधीं विचारावा.

म्हणून आमचा सल्ला असा. पहिले कांहीं महिने कांहींच विकत घेऊं नये. क्लबाच्या पिस्तुलावर शिकावें. गोडी टिकली व क्लबांत हवा भरण्याची सोय असली, तर चौथा प्रकार. ती नसली व हात पुरेसा बळकट असला, तर तिसरा. मूठ मात्र मुलीच्या हाताच्या मापाचीच हवी, काकांच्या नव्हे. पिस्तूल नेहमीं भरलेलेंच आहे असें समजून हाताळावें. तें कुलपांत, छर्रे निराळ्या कुलपांत, आणि किल्ल्या एकाच वडील माणसाकडे.

त्या घरीं शेवटीं तरफेचें पिस्तूल आलें. किल्ल्या आजोबांच्या जानव्याला आहेत. रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर ते स्वतः पेटी उघडतात, नळी रिकामी आहे हें पाहतात, आणि नात चाप ओढीत असतां माशी हालली कीं काय हें चष्मा सांवरून न्याहाळीत बसतात. 'पिस्तूल' हा शब्द त्यांना आतां टोंचत नाहीं. माशी हाललेली मात्र टोंचते.